फिफ्थ व्हील ट्रेलरचे हिसके थांबत नाहीत? आधी सांधा शोधा, मग हिच निवडा

काँक्रीटचा हायवे लागला की पिकअप हिसके खायला लागते. सीट पाठीला ढकलते, सोडते, परत ढकलते. डांबरी रस्ता आला की सगळं शांत, पुढे काँक्रीट आलं की पुन्हा तेच. बोल्ट आवळले की थोडे दिवस बरं वाटतं, ग्रीस लावलं की आवाज कमी होतो, पण पुढच्या सहलीला हिसके हजर. अमेरिकेत फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात जोडला जाणारा राहायचा ट्रेलर, ओढणारी मंडळी याला चकिंग म्हणतात. भारतातून आलेले आई-बाबा मागच्या सीटवर असतील आणि यलोस्टोनपर्यंतचा पल्ला असेल, तर हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. दिवसभर असे हिसके खाऊन सत्तरीतला माणूस रात्री झोपू शकत नाही.

यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे नवी हिच, म्हणजे पिकअपच्या बेडमध्ये (मागच्या हौद्यात) बसणारी ट्रेलर जोडायची यंत्रणा. नवी हिच घ्यायला माझी हरकत नाही, पण हिसका नेमका कुठल्या सांध्यातून येतोय हे कळल्याशिवाय पैसे घालू नका. पिकअपची चौकट आणि ट्रेलरची चौकट यांच्यामध्ये बरेच सांधे असतात: चौकटीला बसवलेल्या पट्ट्या किंवा पक (हिचचे पाय अडकवायच्या खाचा), त्यावर हिचचे पाय, पायांवर डुलणारं डोकं, डोक्यातला जबडा, जबड्यातली किंगपिन (ट्रेलरच्या नाकाखालची जाड पिन), किंगपिन धरणारा ट्रेलरकडचा पिन बॉक्स. कुठलीही हिच घ्या, ती यातल्या दोन-तीन सांध्यांवरच इलाज करते. पिन बॉक्स ढिला असताना हजार-दीड हजार डॉलरची हिच आणली, तर हिसका जिथे होता तिथेच राहतो.

हिसक्याची जात ओळखा

सगळे हिसके सारखे नसतात. गाडी निघताना एकदा आणि ब्रेक लावताना एकदा खणखणीत ‘ठक’ असा आवाज येतो आणि मधल्या वेळात काही नसतं, तेव्हा कुठल्या तरी सांध्यात मोकळी जागा आहे. निघताना ट्रेलर मागे राहतो आणि ती जागा एका बाजूला संपते, ब्रेकला तो पुढे येतो आणि ती दुसऱ्या बाजूला संपते. ही ढिलाई हाताने, डोळ्याने सापडते.

ब्रेक न लावता, एकसारख्या वेगात, तालात येणारे हिसके वेगळे. पिकअप खळग्यावर मान हलवते तेव्हा तिचं मागचं टोक वर-खाली होतं. हिचची प्लेट, म्हणजे ट्रेलर जिच्यावर टेकतो तो भाग, जमिनीपासून साधारण चार फूट उंच असते, त्यामुळे पिकअप थोडीशी जरी डुलली तरी प्लेट पुढे-मागे सरकते. त्याच वेळी ट्रेलरही स्वतःच्या चाकांभोवती डुलत असतो. दोघांचा ताल जुळला नाही की एक पुढे ओढतो आणि दुसरा मागे. लुइझियानात बॅटन रूज आणि लाफायेटच्या मध्ये आय-१० वर अटचाफलाया खोऱ्यावरचा पूल आहे, सुमारे १८ मैलांचा. गाळ्यामागून गाळा, जोडामागून जोड. ज्या ट्रेलरला हा दोष आहे त्याची परीक्षा असल्या रस्त्यावर होते.

दोन जातींमधला फरक ओळखायची सोपी खूण आहे. सरळ, रिकाम्या रस्त्यावर वेग पाच मैलांनी कमी करून बघा, मग पाच मैलांनी वाढवून बघा, अर्थात मर्यादेच्या आत. हिसका वेगाबरोबर बदलत असेल तर डोलण्याचा प्रश्न मुख्य. वेग काही असो, प्रत्येक खड्ड्याला आणि प्रत्येक ब्रेकला तोच ‘ठक’ येत असेल तर ढिलाई. बऱ्याच जणांकडे दोन्ही एकत्र असतात. तेव्हा आधी ढिलाई काढायची, कारण ढिलाई असेपर्यंत डोलण्याचा अंदाज येत नाही.

फक्त ब्रेक लावल्यावर मागून लोंढा आल्यासारखं वाटतं, एरवी ठीक असतं, तर संशय थेट ट्रेलरच्या ब्रेकवर घ्या. आणि वळताना कण्हल्यासारखा, करकरीत आवाज येऊन मग झटका बसत असेल, तर प्लेट कोरडी पडली आहे.

कॅमेरा लावून बघा

ढिलाई शोधण्यासाठी कुणी तरी पिकअप आणि ट्रेलरच्या मध्ये वाकून उभं राहतं आणि आत बसलेला गाडी पुढे-मागे करतो. हे कधीही करू नका. पाय घसरला किंवा गिअर चुकला तर मधला माणूस वाचत नाही. जुना फोन किंवा छोटा कॅमेरा बेडच्या कडेला क्लॅम्पने घट्ट बसवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि रिकाम्या पार्किंगमध्ये हळू वेगात निघा-थांबा करा. मग तो व्हिडिओ संथ गतीने बघा. एकदा किंगपिनवर रोखून, एकदा हिचच्या पायांवर रोखून आणि एकदा पिन बॉक्सच्या बोल्टांवर रोखून. तीन व्हिडिओंत जवळजवळ सगळं दिसतं. कुठल्या दोन भागांच्या मधली फट उघडते-मिटते, तेवढंच शोधायचं आहे.

खालपासून वर जा. बेडमध्ये पट्ट्या बसवलेल्या असतील तर त्यांच्याखाली काय आहे ते बघा. प्लॅस्टिकचं लायनर किंवा रबरी मॅट पट्टीखाली तसंच ठेवून बोल्ट मारले असतील तर ते कधीच घट्ट राहणार नाहीत. प्लॅस्टिक दबत जातं आणि बोल्टचा ताण निघून जातो. ‘दर महिन्याला आवळतो तरी ढिले होतात’ असं कुणी सांगितलं की मी आधी हेच विचारतो. लायनर पट्टीच्या आकारात कापून काढावं लागतं. बेडच्या पत्र्याला नाळ्या असतात. पट्टी आणि चौकट यांच्यामध्ये नाळीची पोकळी राहत असेल तर तिथे किटमधला स्पेसर हवाच, नाही तर बोल्ट आवळताना पत्रा वाकतो आणि पुन्हा ढिलाई. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा आणि आकडा तुमच्या हिचच्या पुस्तिकेतला घ्या, शेजाऱ्याच्या हिचचा नको.

फोर्ड, रॅम आणि जीएमच्या हेवी ड्यूटी पिकअपना कारखान्यातूनच पकची सोय घेता येते: बेडमध्ये चार खाचा आणि मध्ये गूसनेक बॉलचं (दुसऱ्या जातीचे ट्रेलर जोडायच्या गोळ्याचं) भोक. हिचचे पाय या पकमध्ये घालून फिरवून अडकवायचे. सोय उत्तम, पण या पायांचा ताण प्रत्येकाला स्वतः जुळवून घ्यावा लागतो. पाय अडकला म्हणजे ताण बसला असं नसतं. बॉलच्या भोकात एकाच खांबावर उभ्या राहणाऱ्या हिचलाही हेच लागू. मधला खांब खाली पुरेसा ओढून धरला नसेल तर सगळा सांगाडा डोलतो आणि दोष बिचाऱ्या जबड्यावर जातो.

त्याच्या वर डोकं. ते पुढे-मागे झुकतं, बऱ्याच हिचमध्ये दोन्ही बाजूंनाही झुकतं, आणि हे झुकणं बुशवर होतं. बुश झिजलं की कडेला चढताना-उतरताना ‘खट’ असा आवाज येतो. ट्रेलर सोडलेला असताना डोकं दोन्ही हातांनी धरून हलवा. झुकायला हवंच, पण खुळखुळायला नको.

जबडा आणि पिन

किंगपिनच्या ज्या गळ्याला जबडा धरतो तो २ इंच व्यासाचा असतो, खालची कडा मात्र रुंद. म्हणूनच पिन वर निसटत नाही. जबड्याच्या रचनेत स्वस्त-महाग हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो. स्वस्त हिचमध्ये पिनच्या मागून एक पट्टी सरकते आणि वाट बंद करते. पकड पक्की असते, पण पट्टी आणि पिन यांचा स्पर्श थोड्याच जागेवर होतो आणि मागे-पुढे थोडी मोकळीक राहते. दोन्ही बाजूंनी येऊन पिनला वेढा घालणारा जबडा ही मोकळीक बरीच कमी करतो. त्याच्या मागे आवळून धरणारा कॅम असेल तर आणखी बरं.

पण जबडा झिजलाय की पिन, हे आधी ठरवा. कॅलिपरने पिनचा गळा दोन दिशांनी मोजा: एकदा गाडीच्या लांबीच्या दिशेने, एकदा आडवा. पिनची झीज गोल होत नाही, पुढच्या-मागच्या बाजूला जास्त होते. मालवाहू ट्रेलरवाले आठवा भाग इंच झीज झाली की पिन बदलतात. घरगुती ट्रेलरची पिन तिथवर सहसा पोचत नाही. त्यामुळे पिन ठीक आणि ढिलाई मात्र दिसतेय, असं असेल तर जबड्याचे भाग बदलून मिळतात का ते कंपनीला विचारा. कित्येकदा एवढ्यावर भागतं.

पिनवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या चकतीबद्दल एक इशारा. प्लेट कोरडी पडू नये म्हणून ही चकती चांगलीच, ग्रीसचा राडा वाचतो. पण चकती जाड असेल तर पिनचा गळा तेवढा वर राहतो आणि काही जबडे पूर्ण मिटत नाहीत, किंवा मिटल्यासारखे दिसतात आणि खरं तर खालच्या कडेवर अडलेले असतात. पाव इंचाचा फरकही इथे मोठा ठरतो. हिचच्या पुस्तिकेत चकतीची किती जाडी चालते ते लिहिलेलं असतं.

आता पिन बॉक्स. ट्रेलरच्या नाकाखाली दोन्ही बाजूंचे बोल्ट घट्ट आहेत का बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथला रंग बघा. वेल्डच्या कडेने रंगाला केसासारखी चीर गेली असेल, गंजाचा ओघळ आला असेल, पुढच्या फायबरच्या टोपीची फट एका बाजूला वाढली असेल, तर प्रवास तिथेच थांबवा. ती चौकट फुटायची सुरुवात आहे. वेल्डिंग जाणणाऱ्या जाणत्या दुकानात ट्रेलर उघडून बघायला लावा. हिचचा विषय त्यानंतर.

ब्रेक

ट्रेलरचे ब्रेक उशिरा किंवा कमी लागले तर प्रत्येक वेळी दहा-बारा हजार पौंडांचं धूड पिकअपच्या पाठीवर येऊन आदळतं. कोणतीही हिच हे थांबवू शकत नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर २५ मैलांच्या वेगाने जा आणि पिकअपमधल्या ट्रेलर ब्रेकच्या कंट्रोलरची हाताची कळ दाबा. ट्रेलरने गाडीला स्पष्टपणे मागे ओढलं पाहिजे, पण त्याची चाकं जाम होता कामा नयेत. ओढ नसेल तर कंट्रोलरवरचा गेन (ब्रेकचा जोर) वाढवा. गेन सर्वात वर नेऊनही ओढ नसेल तर ड्रमचे ब्रेक जुळवायला झालेत. इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक नव्या ट्रेलरला पहिल्या २०० मैलांनंतर आणि पुढे दर ३,००० मैलांना जुळवायचे असतात. आपोआप जुळणारे नसतील तर हे काम कुणाला तरी करावंच लागतं, आणि ते वर्षानुवर्षं राहून जातं.

वजनकाट्यावर जा

डोलण्याच्या हिसक्यांचं सर्वात मोठं कारण मला वजनाच्या वाटणीत दिसतं, आणि लोक सर्वात शेवटी बघतात तेही हेच. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के भार पिनवर यायला हवा. २० टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम. पिन हलकी राहिली की ट्रेलरचं नाक पिकअपच्या मागच्या टोकाला दाबून धरत नाही, दोघे सुटे सुटे उड्या मारतात.

हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. आधी फक्त पिकअप तोला, बेडमध्ये हिच ठेवून आणि जेवढी माणसं प्रवासात असणार तेवढी बसवून. मग ट्रेलर जोडून पुन्हा. त्याच काट्यावर २४ तासांच्या आत दुसऱ्यांदा तोललं तर कमी पैसे पडतात. समजा नुसती पिकअप ८,००० पौंड भरली. ट्रेलर जोडल्यावर पिकअपच्या पुढच्या-मागच्या ॲक्सलची बेरीज १०,३०० आली आणि ट्रेलरच्या ॲक्सलवर ९,७०० आले. पिनचा भार झाला २,३००, ट्रेलरचं एकूण वजन १२,०००, म्हणजे सुमारे १९ टक्के. या ट्रेलरच्या वजनाची वाटणी ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा.

हाच आकडा १३-१४ टक्के आला तर सामान हलवा. पाण्याची टाकी बघा: एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं, म्हणजे ६० गॅलनची भरलेली टाकी ५०० पौंडांची. ती ॲक्सलच्या मागे असेल तर नाक तेवढं हलकं होतं. मुक्कामाच्या ठिकाणी नळ आहे हे माहीत असताना टाकी भरून निघणं अशा ट्रेलरला मुळीच मानवत नाही. मागच्या बंपरवर टांगलेल्या सायकली, मागच्या कपाटातली धान्याची पोती आणि कुकर-परातींचे खोके पुढच्या कप्प्यात आणा. आपल्या लोकांच्या ट्रेलरमध्ये स्वयंपाकघराचं वजन नेहमीच जास्त असतं, ते योग्य जागी ठेवलं तर उपयोगी पडतं.

ट्रेलर सपाट उभा आहे का तेही इथेच बघा. हल्लीच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप उंच असतात, म्हणून ट्रेलरचं नाक वर राहतं आणि मागच्या ॲक्सलवर भार सरकतो. हिचची उंची एक भोक खाली घेऊन बघा, पण बेडची कड आणि ट्रेलरचं पोट यांत साडेपाच-सहा इंचांचं अंतर राहिलंच पाहिजे. ते राहत नसेल तर ट्रेलरची सस्पेन्शन उचलून घ्यावी लागते. अंतराशी तडजोड केली तर पहिल्याच उंचवट्यावर बेडची कड चेपते.

काट्याच्या पावतीचा दुसरा उपयोग तितकाच मोठा आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळं-पांढरं स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते सांगणारं. धरा की तो आकडा २,९०० आहे. पिनचे २,३००, हिचचे १५०, आणि चार मोठी माणसं व दोन मुलं मिळून ७५०. बेरीज ३,२००. तीनशे पौंड जास्त. यात हिच ३५ पौंडांची घेतली तरी ३,०८५ होतात, म्हणजे प्रश्न सुटत नाहीच. अशा वेळी ट्रेलर छोटा हवा किंवा पिकअप मोठी हवी. घरातल्या सहा माणसांचा जीव त्या मागच्या ॲक्सलवर आणि टायरवर असतो, म्हणून हे सौम्य शब्दांत सांगावंसं मला वाटत नाही.

आता हिचची तुलना

ढिलाई काढली, ब्रेक जुळवले, वजन बरोबर, आणि तरी बदल हवाच आहे, तर पहिला प्रश्न बेडच्या लांबीचा. रस्त्यावर चालणारा ट्रेलर जास्तीत जास्त १०२ इंच रुंद, त्याचा अर्धा ५१. काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा कॅबला लागू नये तर पिनपासून कॅबच्या मागच्या काचेपर्यंत त्याहून जास्त अंतर हवं. ८ फुटांच्या बेडमध्ये ते मिळतं. साडेसहा फुटी बेडमध्ये सहसा मिळत नाही, पण पुढच्या बाजूला निमुळते कोपरे असलेले ट्रेलर बरेच वळू शकतात. साडेपाच फुटी बेडमध्ये सरकती हिच घ्यावीच लागते असं समजा. हिच मागे सरकवून कायम बसवणं हा पर्याय धरू नका. पिनचा भार मागच्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे पडला पाहिजे. तो मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल पडतं.

सरकत्या हिच दोन तऱ्हेच्या. हाताने सरकवायची असते तिला प्रत्येक अवघड वळणाआधी थांबून, खाली उतरून, खटका ओढून मागे न्यावं लागतं. पेट्रोल पंपावर, मागे दहा गाड्या उभ्या असताना, हे विसरायला होतं आणि काच फुटते. पुलराइटची सुपरग्लाइड वळणाबरोबर आपोआप मागे सरकते आणि सरळ झाल्यावर पुढे येते. त्यासाठी ट्रेलरच्या पिन बॉक्सला एक खास प्लेट बसवावी लागते. महाग आहे, जड आहे, पण छोट्या बेडला मी हीच सुचवेन. मात्र सरकणाऱ्या प्रत्येक हिचमध्ये एक सांधा जास्त असतो. हिसक्यांनी त्रासलेल्या लांब बेडवाल्याने ‘असू द्या, उपयोगी पडेल’ म्हणून सरकती हिच घेऊ नये.

लांब बेड आणि पट्ट्या आधीच बसवलेल्या असतील तर त्याच पट्ट्यांवर वेढा घालणाऱ्या जबड्याची, चारही बाजूंना झुकणाऱ्या डोक्याची हिच घेणं हा सर्वात कमी खर्चाचा खरा उपाय. पट्ट्यांची मापं ठरलेली असल्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या हिच त्यावर बसतात. क्षमता बघताना दोन आकडे बघा. २०,००० पौंड ओढण्याची क्षमता ठळक छापलेली असते, पिनवर किती भार चालतो हा आकडा बारीक अक्षरात असतो. काट्याची पावती त्याच्या शेजारी धरा.

बेडमध्ये गूसनेक बॉलची सोय असेल तर बी अँड डब्ल्यूची कंपॅनियन बघण्यासारखी आहे. बेडमध्ये पट्ट्या नाहीत, हिच काढली की बेड मोकळा, आणि जबडा पिनला खरोखर घट्ट धरतो. ‘ठक’ आवाजाच्या दुखण्यावर मला ही सर्वात खात्रीची वाटते. जड आहे, दोन तुकड्यांत निघते, तरी एकट्याने उचलताना पाठ सांभाळा.

अँडरसनची अल्टिमेट हा वेगळाच प्रकार. तिला जबडा नाही. पिनवर एक कपलर कायमचा आवळून बसवायचा आणि तो खालच्या सांगाड्यावरच्या बॉलवर अडकतो. ॲल्युमिनियमची असल्याने सुमारे ३५ पौंडांची, एका हाताने उचलता येते. जबडाच नसल्यामुळे जबड्याची ढिलाई नाही, चालताना शांत. पण बॉलवर कपलर आणताना नेम पक्का लागतो, नेहमीच्या हिचमध्ये पिन खाचेत आपोआप घसरत जाते तसं इथे होत नाही. घेण्याआधी तुमच्या ट्रेलरची चौकट बनवणाऱ्या कंपनीला लेखी विचारा, अशा जोडणीने वॉरंटी राहते का. हाच प्रश्न पिनपासून थेट बेडमधल्या बॉलपर्यंत लांब नळी उतरवणाऱ्या गूसनेक ॲडॉप्टरबाबत तर विचारायलाच हवा. ती लांब नळी तरफेसारखी काम करते आणि पिन बॉक्सच्या मुळाशी कितीतरी जास्त ताण देते. मी ती साधी नळी कुणालाही सुचवत नाही.

डोलण्याच्या हिसक्यांवर मात्र यातल्या कुठल्याच घट्ट हिचचा मोठा उपयोग होत नाही. उलट कधी कधी ढिलाई गेल्याने हिसका जास्त थेट लागतो. तिथे मध्ये काही तरी दबणारं हवं. दोन वाटा आहेत. ट्रेलरकडचा पिन बॉक्स बदलून रबराच्या स्प्रिंगवर तरंगणारा बसवायचा, मोरराइडचा यात प्रसिद्ध आहे, किंवा हवेच्या फुग्याचा. दुसरी वाट म्हणजे बेडमधली एअर राइड हिच, म्हणजे हवेच्या फुग्यावर तरंगणारी. तिचा आराम अप्रतिम, पण वजन आणि किंमत दोन्ही जास्त, आणि ते वजन दाराच्या स्टिकरमधूनच वजा होतं. मी पिन बॉक्सच्या बाजूने आहे: तो ट्रेलरबरोबर राहतो, पिकअप बदलली तरी वाया जात नाही. फक्त तो काट्यावर मिळालेल्या पिनच्या भाराप्रमाणे निवडा. क्षमतेपेक्षा फार मोठा घेतला तर रबर हलतच नाही, आणि मग ‘बदलून काही फरक पडला नाही’ ही तक्रार ऐकू येते. फुग्याच्या पिन बॉक्समध्ये हवा ट्रेलर जोडल्यावर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे भरावी लागते आणि दर प्रवासाआधी बघावी लागते.

जुनी हिच विकत घेत असाल तर जबडा उघडून-मिटून बघा, प्लेटला चिरा आहेत का बघा, आणि पुस्तिका मिळते का बघा. न्हावाशेवाच्या बंदरातून निघणारे कंटेनर ट्रेलरही याच किंगपिनवर आणि याच तऱ्हेच्या प्लेटवर चालतात. तिथला अनुभवी ड्रायव्हर प्लेट आणि पिन यांत उजेड दिसतोय का ते वाकून बघितल्याशिवाय निघत नाही. तीच तपासणी इथे करायची आहे.

नवी हिच बसवल्यावर पहिली जोडणी

ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक घसरू नये म्हणून ठोकळे) लावा. ट्रेलरची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे पिकअप मागे येताना ट्रेलर अर्धा-एक इंच उचलला जाईल. नाक वर राहिलं तर पिनची खालची रुंद कडा जबड्यात अडकते, जबडा उघडायचा-मिटायचा दांडा बंद झाल्यासारखा दिसतो आणि पहिल्या चढाला ट्रेलर सुटून बेडवर कोसळतो. जबडा मिटल्यावर टॉर्चने बाजूने बघा: दोन प्लेटच्या मध्ये फट नको आणि जबडा पिनच्या मागे पूर्ण आलेला दिसला पाहिजे. दांड्याची सुरक्षा पिन घाला. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) हिचला न बांधता पिकअपला बांधा, कारण हिच उखडली तर तिच्याबरोबर गेलेली तार काहीच ओढणार नाही.

मग ओढून बघा. ट्रेलरचे पाय अजून जमिनीला टेकलेले, ओट जागेवर, हाताने ट्रेलरचे ब्रेक दाबलेले, आणि पिकअप हलकेच पुढे. ट्रेलरने पिकअप धरून ठेवली पाहिजे. पाय वर घ्यायचे ते यानंतरच. दांडा नंतर सोडताना अडला तर हातोडा मारू नका, पिनचा दाब जबड्यावर आहे. ओट पक्के असल्याची खात्री करून पिकअप अगदी थोडी मागे घ्या, पार्किंग ब्रेक लावा, मग दांडा ओढा. बहुतेक वेळा सहज येतो.

पहिल्या ५० मैलांनंतर थांबून सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि कॅमेरा लावून त्याच पार्किंगमध्ये तोच निघा-थांबाचा व्हिडिओ परत काढा. जुना आणि नवा शेजारी लावून बघितलं की पैसे कुठे लागले आणि कुठली फट अजून उघडतेय, हे लगेच दिसतं.